जुने चित्रपट, नवे चित्रपट आणि आपलं साधं मत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांचा चित्रपटांशी संबंध बघण्यापुरताच आहे, पण बघून झाल्यावर ज्यांना गप्प बसवत नाही, अशांसाठी ही प्रश्नोत्तरं. प्रश्न फिरून फिरून तेच येतात. काहींची उत्तरं एका ओळीत संपतात, काहींची लांबतात. 'आवडला नाही' या मताला इथे पूर्ण मुभा आहे. फक्त त्यावर लगेच 'नेमका कुठे?' असं विचारलं जाईल.

सगळ्यांनी डोक्यावर घेतलेला चित्रपट मला कंटाळवाणा वाटला. माझंच काही चुकतंय का?

नाही. कंटाळा आला म्हणजे आला, त्यावर वाद घालून कुणी तो घालवू शकत नाही. पण सगळे कंटाळे सारखे नसतात. काय चाललंय तेच कळेना, हा एक. सगळं कळलं, पण त्या माणसांचं पुढे काही का होईना असं वाटलं, हा दुसरा. आणि रात्री साडेअकराला, दिवसभर दमून आल्यावर तीन तासांचा चित्रपट लावला तर जो येतो तो तिसरा. त्याचं खापर दिग्दर्शकावर फोडू नये. पहिल्या प्रकारात थोडी माहिती मिळाली की चित्र पालटू शकतं. दुसऱ्यात मत ठाम समजावं आणि पुढच्या चित्रपटाकडे वळावं.

राहिला प्रश्न जाणकारांचा. त्यांचंही एकमत नसतं. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश नियतकालिक दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांकडून सर्वोत्तम चित्रपटांची मतं मागवतं. १९५२ साली पहिला क्रमांक 'बायसिकल थीव्ह्ज'ला मिळाला. १९६२ ते २००२ अशा सलग पाच फेऱ्या 'सिटिझन केन' पहिला होता. २०१२ साली हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'ने त्याला खाली खेचलं आणि २०२२ साली शांताल आकेरमन यांचा १९७५चा 'जीन डीलमन' पहिला आला. चित्रपट होते तेच राहिले, मतदार आणि काळ बदलले. तेव्हा यादीतल्या पहिल्या नावाशी आपलं जमलं नाही म्हणून खजील व्हायचं कारण नाही. 'जीन डीलमन' २०१ मिनिटांचा आहे आणि त्यात एक बाई बराच वेळ बटाटे सोलते. काहींना त्यातच थरार दिसतो. काही जण उठून जातात. दोघांनीही चित्रपट पाहिलेलाच असतो.

'सिटिझन केन'मध्ये असं आहे तरी काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. १९४१चा चित्रपट. दिग्दर्शक आणि मुख्य नट ऑर्सन वेल्स, चित्रीकरणाच्या वेळी वय पंचवीस. कथा म्हटली तर एका धनाढ्य वृत्तपत्रमालकाची: तो मरताना एक शब्द उच्चारतो आणि एक पत्रकार त्या शब्दाचा माग काढत त्याच्या ओळखीच्या लोकांना भेटत जातो. प्रत्येकाच्या आठवणीतला केन निराळा.

'सर्वकालीन महान' हे बिरूद बाजूला ठेवा आणि दोनच प्रसंग नीट बघा. पहिला लहानपणाचा. पोरगा बाहेर बर्फात खेळतोय. कॅमेरा मागे मागे सरकत खिडकीतून घरात येतो. आई टेबलाशी बसून कागदांवर सही करतेय. मुलाला कायमचं परक्याच्या हवाली करण्याचा तो करार आहे. बाप कुरकुरतोय. आणि या सगळ्यांच्या मधोमध, दूर खिडकीच्या चौकटीत, तो मुलगा अजून खेळतोच आहे. पुढचं टेबलही स्पष्ट आणि मागचा मुलगाही स्पष्ट. छायालेखक ग्रेग टोलंडने हे साधलं म्हणून एकही कट न मारता कळतं की त्या पोराचं आयुष्य त्याच्या नकळत दुसरेच ठरवतायत. दुसरा प्रसंग नाश्त्याच्या टेबलाचा. केन आणि त्याची पहिली बायको: आधी लाडीगोडी, मग टोमणे, मग धुसफुस, शेवटी मुकाट्याने खाणं, आणि बायकोच्या हातात नवऱ्याच्या प्रतिस्पर्ध्याचं वर्तमानपत्र. आख्खा संसार मोडायला दोन-अडीच मिनिटं लागतात.

एवढं करूनही केन हा माणूस अंगाला लागत नाही, असं अनेकांचं म्हणणं असतं. मलाही तो जवळचा वाटत नाही. चित्रपटाचं कौतुक वाटणं आणि त्याच्यावर जीव जडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही एकदमच व्हायला हव्यात असा काही कायदा नाही.

जुने चित्रपट एवढे संथ का वाटतात?

याला मोजता येणारं एक कारण आहे. १९३० ते १९६० या काळातल्या हॉलिवूडपटांत एक शॉट (म्हणजे मध्ये न तोडलेलं सलग चित्र) सरासरी आठ ते अकरा सेकंद टिकायचा. शतक संपेपर्यंत ही सरासरी तीन ते सहा सेकंदांवर आली. आपल्या डोळ्याला दर तीन-चार सेकंदांनी नवं चित्र मिळायची सवय लागली की दहा सेकंद एकाच चौकटीत थांबणं अंगावर येतं. पंधरा-वीस मिनिटं कळ काढली तर बहुतेकांचे डोळे रुळतात. त्या वेळात फोन मात्र लांब ठेवावा.

पण 'जुना म्हणजे संथ' हे समीकरणच मुळात लंगडं आहे. 'कासाब्लांका' (१९४२) १०२ मिनिटांत प्रेम, युद्ध, लाचखोरी, निर्वासितांची फरफट आणि भरपूर विनोद उरकतो. सिडनी ल्युमेटचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) ९६ मिनिटांचा आहे, जवळजवळ सगळा एका खोलीत घडतो आणि तरी त्यात दम खायला उसंत नाही. ल्युमेटने एक युक्ती केली होती. सुरुवातीला कॅमेरा माणसांच्या नजरेच्या वर, मग नजरेच्या पातळीवर, शेवटी नजरेच्या खाली. सोबत भिंगंही हळूहळू लांब पल्ल्याची होत गेली, त्यामुळे मागची भिंत माणसांच्या पाठीला टेकल्यासारखी दिसते. शेवटी शेवटी छतही डोक्यावर आल्यासारखं वाटतं. खोली तेवढीच असते, पण आपला जीव घुसमटतो. हे माहीत नसतानाही घुसमटतोच. कळल्यावर दुसऱ्यांदा बघायला निमित्त मिळतं, एवढंच.

उलट, नव्यांतले काही इतके रेंगाळतात की विचारू नका.

जुन्या चित्रपटांतला अभिनय नाटकी वाटतो. तेव्हाच्या नटांना अभिनय येत नव्हता का?

येत होता, पण चांगला अभिनय कशाला म्हणायचं याची कल्पना निराळी होती. बरेच नट रंगभूमीवरून आलेले, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय असलेले. बोलपटांच्या सुरुवातीला मायक्रोफोनही धड नव्हते. पुटपुटलं तर ऐकूच यायचं नाही.

बदल डोळ्यांनी बघायचा तर 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' (१९५१) बघा. व्हिव्हियन ली एका परंपरेतली, मार्लन ब्रँडो दुसऱ्या, आणि दोघं एकाच खोलीत. ती प्रत्येक वाक्य घडवून बोलते, तो अंग खाजवत, शब्द खात बोलतो. गंमत म्हणजे त्या वर्षी ऑस्कर तिला मिळालं, त्याला नाही. आज आपल्याला ब्रँडो 'खरा' वाटतो, पण तिच्या भूमिकेला ते नाटकीपण शोभतंच, कारण ती बाई स्वतःच सतत नाटक करत जगतेय.

आणि सरसकट विधान करण्याआधी 'संत तुकाराम' (१९३६) बघावा. विष्णुपंत पागनीस यांनी रंगभूमीवर स्त्री भूमिका गाजवल्या होत्या. कॅमेऱ्यासमोर मात्र त्यांनी तुकाराम असा काही साकारला आहे की अभिनय चाललाय हे विसरायला होतं. प्रभातच्या या चित्रपटाची १९३७च्या व्हेनिस महोत्सवात जगातल्या तीन उत्तम चित्रपटांत गणना झाली होती. 'दो बिघा जमीन' (१९५३) मधला बलराज साहनीही तसाच. त्यांनी भूमिकेसाठी हातरिक्षा ओढायचा सराव केला होता आणि तो खांद्यांच्या वाकण्यात दिसतो.

कृष्णधवल चित्रपट बघवत नाहीत. रंगीत केलेली आवृत्ती बघितली तर चालेल?

चालेल, पण आधी मूळ बघा. कृष्णधवल म्हणजे रंग परवडले नाहीत, असं नेहमीच नसतं. हिचकॉकने 'व्हर्टिगो' (१९५८) रंगीत केला आणि त्यानंतर 'सायको' (१९६०) मुद्दाम कृष्णधवल ठेवला. खर्च वाचला आणि रक्ताचा भडकपणाही टळला. स्पिलबर्गने १९९३ साली 'शिंडलर्स लिस्ट' कृष्णधवल केला, तोही ठरवूनच. 'पॅरासाइट' आणि 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' हे तर अगदी अलीकडचे रंगीत चित्रपट, त्यांच्या कृष्णधवल आवृत्त्या नंतर हौसेने काढल्या गेल्या.

'पथेर पांचाली' (१९५५) मध्ये अपू आणि दुर्गा आगगाडी बघायला धावतात तो प्रसंग आठवा. काश गवताच्या पांढऱ्याशुभ्र तुऱ्यांचं रान आणि त्याच्या मागून जाणारा काळाकुट्ट धूर. याला रंग देऊन मिळवणार काय?

'मुघल-ए-आझम'चा मामला वेगळा. १९६० साली त्यातला शीशमहालातल्या गाण्याचा भाग रंगीत होता, बाकी बराचसा कृष्णधवल. के. आसिफना सगळाच रंगीत हवा होता. २००४ साली पूर्ण रंगीत आवृत्ती आली तेव्हा निदान दिग्दर्शकाची इच्छा तरी त्यामागे होती.

आजकालचे चित्रपट इतके लांब का झालेत?

'आजकालचे' हा शब्द काढून टाका. 'गॉन विथ द विंड' (१९३९) जवळपास चार तासांचा आहे. 'सेव्हन समुराई' (१९५४) २०७ मिनिटं. 'मेरा नाम जोकर' (१९७०) मध्ये दोन मध्यांतरं होती. 'शोले' तीन तासांच्या वर. त्यापुढे 'ओपेनहायमर' (२०२३) चे तीन तास किंवा 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून'ची २०६ मिनिटं काही जगावेगळी नाहीत.

फरक पडला तो मध्यांतराचा. पाश्चात्त्य चित्रपटांतून ते हद्दपार झालं आणि प्रेक्षकाच्या मूत्राशयाचा विचार कुणी करेना. 'द ब्रूटलिस्ट' (२०२४) ने २१५ मिनिटांत पंधरा मिनिटांचं मध्यांतर अधिकृतपणे घातलं तेव्हा लोकांना चित्रपटाइतकंच त्याचं कौतुक वाटलं. माझं मत विचाराल तर 'सेव्हन समुराई'तलं एक मिनिटही कमी करू नये. गाववाले घाबरट, सामुराई भुकेले, एकेक जण गोळा करण्यात पहिला तास जातो. म्हणूनच शेवटी पावसाचिखलात लढाई होते तेव्हा पडणारा प्रत्येक माणूस आपल्या ओळखीचा असतो. अलीकडच्या बऱ्याच सुपरहिरोपटांत शेवटची पस्तीस मिनिटं इमारती कोसळत असतात आणि आपल्याला त्यात राहणारा एकही माणूस ठाऊक नसतो. घड्याळ तिथे आठवतं.

नव्या चित्रपटांतले संवाद ऐकू येत नाहीत. माझे कान गेले का?

कान शाबूत असावेत. ही तक्रार जगभरची आहे आणि कारणं बहुतेक तांत्रिक. चित्रपटगृहात संवाद मुख्यतः पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात आणि संगीत, स्फोट वगैरे आजूबाजूच्या स्पीकरमधून. घरच्या चपट्या टीव्हीला दोन पिटुकले स्पीकर, तेही बऱ्याचदा खाली किंवा मागे तोंड करून. पाच-सहा वाटांनी यायचा आवाज दोन वाटांत कोंबला की संवाद दबतात. शिवाय चित्रपटगृहासाठी हळू आणि मोठ्या आवाजात भरपूर अंतर ठेवलेलं असतं. घरी मग कुजबुज ऐकायला आवाज वाढवावा आणि पुढच्याच क्षणी गोळीबार सुरू झाल्यावर रिमोटकडे झेपावावं, हा व्यायाम होतो.

दुसरं कारण अभिनयाचं. कपड्यात लपवलेल्या बारीकशा माइकमुळे नटांना पुटपुटायची चैन परवडते. तिसरं कारण दिग्दर्शकाची आवड. 'टेनेट' (२०२०) वर संवाद कळत नसल्याची भरपूर टीका झाली. ख्रिस्तोफर नोलन चित्रीकरणानंतर स्टुडिओत संवाद पुन्हा म्हणून घेणं टाळतो, नटाने सेटवर जे म्हटलं तेच ठेवतो. तत्त्व म्हणून ठीक आहे. पण जिथे कथानकच उलटसुलट फिरतंय तिथे निदान शब्द तरी कळू द्यावेत.

उपाय साधे आहेत: आवाजाच्या सेटिंगमध्ये ५.१ (पाच-सहा स्पीकरांचा आवाज) ऐवजी स्टिरिओ (दोन स्पीकरांचा) निवडा, 'नाइट मोड' किंवा संवाद ठळक करणारा पर्याय असेल तर तो लावा. आपल्याला येणाऱ्या भाषेतल्या चित्रपटालाही सबटायटल लावण्यात कमीपणा नाही.

टीव्हीवर मोठा चित्रपटही मालिकेसारखा का दिसतो?

टीव्हीतलं 'मोशन स्मूदिंग' चालू असेल. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा; टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने बनवून भरतो आणि हालचाल नको इतकी गुळगुळीत होते. कंपन्या त्याला वेगवेगळी नावं देतात: ट्रूमोशन, मोशनफ्लो वगैरे. टॉम क्रूझने २०१८ साली खास व्हिडिओ काढून लोकांना हे बंद करायला सांगितलं होतं. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो निवडा, काम फत्ते.

सबटायटल की डबिंग?

सबटायटल. नटाचा आवाज हा त्याच्या अभिनयाचा अर्धा भाग असतो, तो काढून घेतला की उरतो फक्त चेहरा. 'पॅरासाइट'चे दिग्दर्शक बाँग जून-हो यांनी सबटायटलच्या या इंचभर उंचीच्या अडथळ्याबद्दल पुरस्कार स्वीकारताना बोलून दाखवलं होतं. पुढे त्याच चित्रपटाने ऑस्करचा मुख्य पुरस्कार घेतला, इंग्रजीत नसलेला पहिलाच. मात्र ॲनिमेशनला डबिंग चालतं, कारण तिथे मूळ आवाजही वेगळा रेकॉर्ड करून जोडलेलाच असतो. आणि ज्यांना वाचायला त्रास होतो त्यांनी खुशाल डबिंग बघावं. न बघण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं.

एखाद्या चित्रपटाला ९५ टक्के असतात आणि तो मला जेमतेम वाटतो. हे कसं?

कारण ते गुण नाहीत. 'रॉटन टोमॅटोज' या संकेतस्थळावरची टक्केवारी म्हणजे किती टक्के समीक्षकांचं मत एकंदरीत अनुकूल होतं तो आकडा. शंभर जणांनी 'बरा आहे, बघायला हरकत नाही' म्हटलं तर चित्रपटाला शंभर टक्के. पंचावन्न जणांनी 'अफाट' आणि पंचेचाळीस जणांनी 'भिकार' म्हटलं तर पंचावन्न, आणि साठच्या खाली म्हणून शिक्का 'सडका'. म्हणजे कुणालाच न दुखावणारा गुळमुळीत चित्रपट वर आणि भांडणं लावणारा चित्रपट खाली. मला स्वतःला ५० ते ७० टक्क्यांमधले चित्रपट जास्त खुणावतात. तिथे निदान कुणीतरी काहीतरी करून बघितलेलं असतं.

ऑस्कर मिळालं म्हणजे चांगला?

त्या वर्षी, त्या मतदारांना चांगला. 'सिटिझन केन'ला नऊ नामांकनं होती, मिळालं फक्त पटकथेचं. मुख्य पुरस्कार 'हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली'ला गेला. (तो वाईट नाही हो. बिचाऱ्याला 'केनला हरवणारा' एवढीच ओळख उरली.) हिचकॉकला दिग्दर्शनासाठी कधीच मिळालं नाही. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकला आयुष्यात एकच मिळालं, तेही 'टू थाउजंड वन: अ स्पेस ओडिसी'च्या विशेष दृश्यपरिणामांसाठी.

आपटलेले चित्रपट नंतर अभिजात कसे होतात?

बहुतेक वेळा ते पुन्हा पुन्हा समोर येत राहिल्यामुळे. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) ने बेताचाच गल्ला जमवला. १९७४ साली कॉपीराइटच्या नूतनीकरणात हयगय झाली, अमेरिकेतल्या वाहिन्या तो दर नाताळात मनसोक्त दाखवायला लागल्या आणि एक पिढी त्याच्यावर वाढली. 'द शॉशँक रिडेम्प्शन' (१९९४) चा पहिल्या फेरीत खर्चही निघाला नाही, सात नामांकनांतून हाती भोपळा. मग व्हिडिओ कॅसेट आणि टीव्हीने त्याला हात दिला. आज आयएमडीबी या संकेतस्थळाच्या, प्रेक्षकांच्या मतांवर बनलेल्या यादीत तो वर्षानुवर्षं अव्वल आहे. 'अंदाज अपना अपना' (१९९४) आपल्यासमोरच आहे: तेव्हा कुणी फिरकलं नाही, आता संवाद तोंडपाठ.

अगदी ताजं उदाहरण 'तुंबाड'चं. २०१८ साली आला आणि गेला. २०२४ साली पुन्हा लावला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई झाली. चित्रपटात एक चौकटही बदललेली नव्हती. मधल्या सहा वर्षांत ज्यांनी तो छोट्या पडद्यावर पाहिला त्यांनीच बाकीच्यांना ओढून नेलं. साध्या प्रेक्षकाच्या मताला वजन नसतं असं कुणी म्हणालं तर हे सांगावं.

एकाच चित्रपटाच्या दोन-तीन आवृत्त्या असतात. कुठली बघायची?

नियम नाही. 'ब्लेड रनर' (१९८२) ची २००७ची 'फायनल कट' बघा. मूळ प्रदर्शित आवृत्तीत नायकाचं निवेदन आहे आणि ते ऐकवत नाही. 'अपोकॅलिप्स नाऊ' (१९७९) मात्र मूळचीच बरी, वाढीव भागाने तिचा वेग मारला जातो. 'शोले'चा शेवट आणीबाणीच्या काळात सेन्सॉरच्या सांगण्यावरून बदलावा लागला होता. मूळ शेवट असलेली, दुरुस्त केलेली प्रत २०२५ साली इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. दोन्ही शेवट बघून ठरवावं. मला मूळचा पटतो, कारण ठाकूरचा आख्खा चित्रपट त्याच क्षणाकडे चाललेला असतो.

जुन्या आवडत्या चित्रपटात आता खटकणाऱ्या गोष्टी दिसतात. मग तो बघणं सोडायचं का?

प्रश्न नाजूक आहे आणि एका वाक्यात निकाली निघत नाही. 'गॉन विथ द विंड' गुलामगिरीकडे ज्या लाडिक नजरेने बघतो ते आज गिळवत नाही. २०२० साली एका स्ट्रीमिंग सेवेने तो काही काळ काढून घेतला आणि मग पार्श्वभूमी समजावणारी प्रस्तावना जोडून परत ठेवला. मला हा मार्ग पटतो. त्याच चित्रपटासाठी हॅटी मॅकडॅनियल या ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार ठरल्या, आणि त्या समारंभात त्यांना बाकीच्या मंडळींपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. चित्रपट गायब केला तर हे दोन्ही गायब होतं: तिचं कामही आणि त्या टेबलाची लाजही.

आपल्याकडच्या हिंदी-मराठी चित्रपटांतही मुलीचा पिच्छा पुरवणं म्हणजे प्रेम, थोबाडीत मारली म्हणजे हक्क, असा मामला ढीगभर आहे. हसू येतं तिथे हसावं, खटकेल तिथे खटकू द्यावं. एकाच चित्रपटाला दोन्ही प्रतिक्रिया देता येतात. 'त्या काळी चालायचं' हे वाक्य मात्र जपून वापरावं; त्या काळीही ते सगळ्यांना चालत होतं असं नाही, काहींना विचारलंच नव्हतं.

मूळ बघावा की रीमेक?

जो आधी समोर येईल तो. फक्त रीमेकमध्ये काहीतरी स्वतःचं हवं. गस व्हॅन सँटने १९९८ साली 'सायको' जवळजवळ शॉटला शॉट तसाच, रंगीत करून पुन्हा बनवला. सगळं जागच्या जागी आणि जीव मात्र कुठेच नाही. याउलट बासू चटर्जींनी 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'वरून 'एक रुका हुआ फैसला' (१९८६) केला तेव्हा बाराही माणसं इथलीच झाली, त्यांचे पूर्वग्रहसुद्धा. 'सैराट' (२०१६) आणि त्याचा हिंदी रीमेक 'धडक' (२०१८) शेजारी ठेवून बघा: जातीचा काच सैल केला की तीच प्रेमकथा किती हलकी होते ते लगेच कळतं.

शेवट आधीच कळला. आता बघण्यात अर्थ आहे का?

चांगल्या चित्रपटात असतो. हिचकॉक एक उदाहरण द्यायचा: टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल तर स्फोटाचा धक्का पंधरा सेकंदांचा, आधी माहीत असेल तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला. तरी 'सायको'च्या वेळी खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, असा दंडक त्यानेच घातला होता. म्हणजे त्यालाही दोन्ही हवं होतं. आपण दुसऱ्याला शेवट सांगू नये, आणि आपल्याला कुणी सांगितलाच तर फार मनाला लावून घेऊ नये.

चित्रपट अर्ध्यात सोडला तर मत द्यायचा अधिकार आहे का?

आहे, सोडल्याचं सांगून. 'चाळीस मिनिटं पाहिला, नायकाची कटकट सहन झाली नाही' हे प्रामाणिक मत आहे. 'टुकार आहे' एवढंच म्हणणं हा फक्त शेरा.

मत सांगताना नेमकं काय सांगावं?

एक प्रसंग. छायांकन, पार्श्वसंगीत, पटकथेची बांधणी अशी यादी लावली की समोरचा जांभई देतो. त्यापेक्षा 'सैराट'मध्ये शेवटी सगळा आवाज बंद होतो तेव्हा चित्रपटगृहात काय झालं ते सांगा. किंवा 'कोर्ट' (२०१४) मधल्या सरकारी वकीलबाई दिवसभर कलमं वाचून लोकलने घरी जातात आणि स्वयंपाकाला लागतात, तेव्हा त्यांच्यावर राग धरणं कसं अवघड झालं ते. एवढ्यावरून ऐकणारा ठरवतो हा चित्रपट आपल्यासाठी आहे की नाही. तारे द्यायचे तर शेवटी द्या.

जुने चित्रपट बघायला सुरुवात कुठून करू?

छोट्यापासून. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन', मग 'बायसिकल थीव्ह्ज' (१९४८, तासा-दीड तासाचा, बापाचं काम करणारा माणूस खरोखरचा कारखान्यातला कामगार होता), मग 'कासाब्लांका'. थरार आवडत असेल तर 'सायको'. हे पचले की 'सेव्हन समुराई' दोन रात्रींत वाटून. मूळ चित्रपटातच मध्यांतर आहे, तिथे थांबावं.

लहान मुलं मूकपट बघतील का?

मोठ्यांपेक्षा लवकर. 'मॉडर्न टाइम्स' (१९३६) मध्ये चॅप्लिनला यंत्राकडून जेवण भरवलं जातं आणि मक्याचं कणीस गरगरा फिरायला लागतं, तिथे सहा वर्षांचं पोरही लोळतं. 'स्टीमबोट बिल ज्युनियर' (१९२८) मध्ये घराची आख्खी दर्शनी भिंत बस्टर कीटनच्या अंगावर कोसळते आणि तो माडीच्या उघड्या खिडकीतून काही इंचांच्या फरकाने वाचतो. भिंत खरी होती, खाली उभा माणूसही खराच. मुलं हे तीन-चारदा मागे नेऊन बघायला लावतात, त्याची तयारी ठेवा. हालचाली उगाच भरभर दिसत असतील तर प्रत चुकीच्या वेगाने चालवलेली आहे. नीट दुरुस्त केलेली आवृत्ती शोधा. आणि मधल्या पाट्या वाचून दाखवायला कुणीतरी शेजारी बसायला हवं.